टर्बो गेला म्हणण्याआधी करंगळीहून बारीक ती नळी बघा

गेल्या महिन्यात जुन्या टर्बो गाड्यांच्या व्हॅक्यूम पाइपवर सहज चार ओळी लिहिल्या होत्या तर पत्रांचा ढीग लागला, आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच, गाडी ओढत नाही आणि मेकॅनिक म्हणतो टर्बो बदला. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. पहिलं उत्तर मोठं आहे, पण बाकीच्यांनीही ते आधी वाचा, म्हणजे पुढे तेच तेच परत लिहायला लागणार नाही.

प्रश्न : माझी २००८ ची स्कोडा लॉरा १.९ टीडीआय आहे, १ लाख ७२ हजार किलोमीटर झालेत. शहरात बरी चालते, पण पुण्याहून घरी येताना खंबाटकी चढायला लागलो आणि ओव्हरटेकला पाय दाबला की एकदम जीव जातो, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी होते, भरलेला ट्रकसुद्धा पुढे निघून जातो. बाजूला घेऊन किल्ली बंद करून परत चालू केली की पहिल्यासारखी पळते, पुढच्या चढाला परत तेच. स्कॅनरवर पी ०२९९ कोड आला. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, नवीनच टाकावा लागेल. खर्च ऐकून गाडी विकावी असं वाटायला लागलंय. खरंच टर्बो गेला असेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दादा, गाडी विकू नका आणि टर्बोची ऑर्डरही देऊ नका, निदान एक रविवार थांबा.

पी ०२९९ चा अर्थ एवढाच की कॉम्प्युटरने जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब, मागितला तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही ते त्या कोडला माहीत नसतं. आणि तुम्ही स्वतःच पत्रात एक मोठी खूण लिहून गेलात, किल्ली बंद-चालू केली की गाडी बरी होते. टर्बोची शाफ्ट तुटली असती किंवा पंखा घासून गेला असता तर तो किल्ली फिरवून थोडाच जोडला गेला असता? तुमची गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे कॉम्प्युटरला गणित जुळत नाही असं दिसलं की तो इंजिन वाचवायला ताकद कापून टाकतो, आणि किल्ली बंद केली की परत पहिल्यापासून मोजायला लागतो.

आता आत काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण हे कळलं की कुणी तुम्हाला फसवू शकणार नाही. तुमच्या टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला हलणारी पाती आहेत. पाती मिटली की गॅसला वाट अरुंद होते, तो जोरात जातो आणि कमी आरपीएमलाच टर्बो फिरायला लागतो, म्हणून तर तुमच्या १०५ पीएसच्या इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १९०० आरपीएमलाच मिळतो. ही पाती हलवणारी दांडी एका डबीला जोडलेली असते, तिला अ‍ॅक्चुएटर म्हणतात, डबीच्या आत रबराचा पडदा आणि स्प्रिंग. डबीतली हवा ओढून घेतली की दांडी वर खेचली जाते आणि पाती मिटतात. व्हॅक्यूम सुटला की स्प्रिंग दांडी परत ढकलते, पाती उघडतात आणि बूस्ट गेला. म्हणजे तुमच्या गाडीचा सगळा जोर त्या डबीत व्हॅक्यूम टिकतो की नाही यावर आहे, आणि तो व्हॅक्यूम तिथपर्यंत पोचतो तो करंगळीहून बारीक रबरी नळीतून.

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरला हवा वाटणाऱ्या पाइपात, पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. तुमच्याकडे तो सिलेंडर हेडच्या टोकाला कॅमशाफ्टवर चालतो, त्याच घरात डिझेलचा पंपही आहे म्हणून त्याला टँडम पंप म्हणतात. पंपातून जाड नळी ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक दाबताना पायाला मदत करणाऱ्या डब्याला, जाते आणि तिच्यातूनच बारीक फाटे फुटतात, त्यातला एक एन ७५ नावाच्या व्हॉल्व्हला. हा व्हॉल्व्ह म्हणजे नळावर बसलेला माणूस समजा, कॉम्प्युटर सांगेल तेवढाच व्हॅक्यूम तो अ‍ॅक्चुएटरला सोडतो. त्याला तीन तोंडं असतात, एक पंपाकडून, एक अ‍ॅक्चुएटरकडे आणि एक बाहेरच्या हवेला. यातली पंपाकडची किंवा अ‍ॅक्चुएटरकडची नळी चिरली, ढिली झाली, तेलाने फुगली की तुमच्या घाटातल्या गोष्टी सुरू होतात. शहरात कळत नाही कारण तिथे तुम्ही एवढा बूस्ट मागतच नाही.

तपासायचं कसं ते सांगतो. इंजिन गार असताना बोनेट उघडा, टर्बो तुमच्या गाडीत इंजिनाच्या मागे फायरवॉलच्या बाजूला आहे त्यामुळे टॉर्च आणि छोटा आरसा लागेल, नाहीतर गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा. एकाला अ‍ॅक्चुएटरच्या दांडीवर नजर ठेवायला सांगा आणि दुसऱ्याने गाडी चालू करायची. चालू झाल्यावर दांडी सरळ एका दमात खेचली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर सुटली पाहिजे. अर्धीच हलली, अडकत हलली किंवा हललीच नाही तर तिथूनच शोध सुरू करायचा. मग अ‍ॅक्चुएटरची नळी काढून तिथे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावा, हल्ली बऱ्याच गॅरेजात असतो, नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा माणसाकडेच जा. पाऱ्याच्या ५०० मिलिमीटरच्या आसपास व्हॅक्यूम देऊन हात सोडा. काटा मिनिटभर जागेवर राहिला आणि दांडी सुरळीत वर-खाली झाली तर डबी आणि पाती दोन्ही चांगली, म्हणजे दोष अलीकडे, नळीत नाहीतर एन ७५ मध्ये. काटा खाली यायला लागला तर डबीतला पडदा फाटलाय. काटा टिकतो पण दांडी घट्ट आहे, तर पात्यांवर काजळी बसलीय, आणि तेव्हासुद्धा टर्बो उघडून साफ करता येतो का ते आधी विचारा.

त्यानंतर पंपाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) टाकून व्हॅक्यूम गेज लावा. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, व्हॅक्यूमचा आकडा तुम्ही किती उंचीवर आहात त्यावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर, पुण्याला साधारण ७१०, आणि महाबळेश्वरला वर गेलात तर ६४५ च्या आसपास, म्हणजे जगातला सगळ्यात भारी पंप लावला तरी महाबळेश्वरला गेज ६४५ च्या पुढे जाणारच नाही. तुमच्याकडे सातारला आयडलवर, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, काटा झटकन चढून ६०० च्या वर गेला तर पंप ठणठणीत. कमी असेल तर एकेक फाटा काढून त्याचं तोंड बंद करत जा, ज्या फाट्याला बंद केल्यावर काटा उडी मारून वर जातो तोच गळतोय.

आणि आता त्या नळ्या हातात घेऊन बघा, नुसतं वरून बघून काही कळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. या गाड्यांना कापडी वेणी असलेली काळी नळी असते आणि वेणी वरून अगदी नवीन दिसते. टोकाजवळ दोन बोटांत धरून वाकवा. चांगली असेल तर वाकून परत सरळ होईल. गेलेली असेल तर वेणीच्या आतून बारीक चिरा माशाच्या कल्ल्यांसारख्या उघडतात. ज्या नळीत पंपातून तेलाची वाफ आलीय ती उलट मऊ पडते, निपलवरून (नळी जिच्यावर चढवतात त्या टोकावरून) हाताने सहज गोल फिरते आणि बोटांना फणसाच्या चिकासारखा काळा चिकटा लागतो जो साबणानेही लवकर जात नाही. असा चिकटा लागला की समजायचं त्या नळीचं आयुष्य संपलं. आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडलेल्या या गाड्या आता १५ वर्षांच्या पुढे गेल्या, इतकी वर्षं टर्बोच्या उष्णतेत रबर टिकलं हेच खूप आहे, त्यात कुणाचा दोष नाही.

माझ्या गॅरेजात चाकणहून एक गाडी आली होती, हीच तक्रार, आणि दुसरीकडे कुठेतरी नवीन टर्बो आधीच टाकून झाला होता, तरी घाटात तेच. एन ७५ पासून खाली जाणारी नळी काढली तर निपलच्या खालच्या अंगाला जेमतेम अर्ध्या इंचाची चीर, वेणीने झाकलेली. सगळ्या नळ्या बदलायला मला एक सकाळ लागली. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, गाडी बरी झाल्याचा आनंद होता पण आधीच्या बिलाचं दुःख त्याहून मोठं होतं. तेव्हापासून मी गेज लावल्याशिवाय टर्बो हा शब्द तोंडातून काढत नाही आणि तुम्हीही कुणाला काढू देऊ नका, सरळ विचारा, व्हॅक्यूम किती आला, दांडी हलली का, आकडा दाखवा.

बदलताना सगळ्या बारीक नळ्या एकदम बदला, एक बदलून तीन जुन्या ठेवल्यात तर चार महिन्यांनी परत येणार. पण काढायच्या मात्र एकेक, एक काढली, तिची जागा भरली, मग दुसरी. आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो घ्या आणि मास्किंग टेप लावून नाव लिहा. एन ७५ वर बहुतेक वेळा तोंडांपाशी इंग्रजीत व्हॅक, आउट आणि एटीएम असं कोरलेलं असतं, ते पुसून वाचा, कारण नळ्या अदलाबदल झाल्या तर नवीन नळ्यांवरही गाडी तशीच चालेल आणि तुम्हाला वाटेल टर्बोच गेलाय. जुनी नळी ओढून काढू नका, प्लास्टिकचं निपल इतक्या वर्षांनी बिस्किटासारखं तुटतं. थोडी गोल फिरवून सुटते का बघा, नाही सुटली तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन सोलून काढा, फक्त ब्लेड निपलला लागू देऊ नका, तिथे ओरखडा पडला की कायमची गळती. नवीन नळी चढत नसेल तर टोकाला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. लांबी जुन्या नळीवरून मोजा, कमी पडली तर इंजिन हललं की ओढली जाते आणि जास्त झाली तर मुरड पडते. टर्बोजवळून जाणाऱ्या भागावर उष्णतेचं स्लीव्ह चढवा. शेवटी पुन्हा गेज लावून आकडा बघा आणि मगच कोड डिलीट करून घाट चढून या. आणि मला कळवा.

प्रश्न : ऑनलाइन निळ्या-लाल सिलिकॉन नळ्यांचे सेट मिळतात, दिसायलाही भारी आणि म्हणे आयुष्यभर टिकतात. कंपनीसारखी काळी कापडी नळी घेऊ की सिलिकॉन? आमचा फिटर तर म्हणतो सलाईनची नळी लाव, झकास चालते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सलाईनची नळी लावू नका, हे पहिलं. मीही तरुणपणी गॅरेजांमधून ती लावलेली बघितलीय आणि हिवाळ्याच्या सकाळी ती खरंच चालते, पण इंजिन तापलं की ते प्लास्टिक मऊ पडतं, आतून व्हॅक्यूम ओढतो आणि नळी चपटी होऊन चिकटते, मग तिथून काहीच जात नाही. फिशटँकच्या नळीचंही तेच.

सिलिकॉन वाईट नाही, उष्णता सहन करण्यात रबराच्या कितीतरी पुढे आहे, २०० डिग्रीच्या आसपासही टिकतं. पण दोन ठिकाणी ते कमी पडतं. एक म्हणजे तेल आणि इंधन. तेलाची वाफ सतत लागली की सिलिकॉन फुगतं, लोळागोळा होतं आणि निपलवरून घसरतं, पेट्रोल-डिझेलच्या लाइनला तर ते कधीच लावायचं नाही. दुसरं म्हणजे जाडी. बाजारात जे स्वस्त सेट आहेत त्यांची भिंत इतकी पातळ असते की व्हॅक्यूमखाली ती आत बसते. दुकानात नळी दोन बोटांत दाबून बघा, लगेच चपटी झाली तर ती शोभेची आहे. भिंत जवळजवळ आतल्या भोकाएवढी जाड पाहिजे. शिवाय सिलिकॉन धारेवर घासलं तर लवकर कापलं जातं, म्हणून कुठे पत्र्याची कड लागत असेल तर तिथे स्लीव्ह घाला.

माझं सरळ मत, डिझेल गाडीला जिथे पंपातून तेलाचा अंश येतो तिथे चांगल्या प्रतीची कापडी वेणीची नायट्राइल रबराची नळीच लावा. ती आयुष्यभर टिकणार नाही, पण सात-आठ वर्षं निर्धास्त जाते आणि मीटरवर मिळते त्यामुळे सगळा खर्च काही शे रुपयांत होतो. दुकानदाराने ईपीडीएम रबर दिलं तर परत करा, ते पाण्याला उत्तम पण तेलाला अजिबात नाही.

माप घेताना डोळ्यांनी अंदाज नको. निपलची बाहेरची जाडी व्हर्निअरने मोजा आणि त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर कमी आतला व्यास असलेली नळी घ्या. जर्मन गाड्यांना बऱ्याचदा ३.२ किंवा ३.५ मिलिमीटरची बसते, जपानी गाड्यांना ४ ची, पण आपल्याकडे आधीच्या मालकाने काय लावून ठेवलंय सांगता येत नाही म्हणून मोजाच. किती मीटर लागेल ते कळायला सुतळी घ्या, जुन्या नळीच्या वळणावळणाने फिरवा, कापा, आणि वर हातभर जास्त घ्या.

प्रश्न : आमच्याकडे जुनी बोलेरो डीआय टर्बो आहे, शेतमाल आणि माणसं दोन्हीसाठी वापरतो. महिनाभर सकाळी ब्रेक पेडल दगडासारखं लागतं, दोन-तीन किलोमीटरनंतर जरा मऊ होतं. पिकअप पण कमी झालाय असं भाऊ म्हणतो. मेकॅनिकने ब्रेक लायनर बदलले पण फरक नाही. (एक वाचक, अकोले, जि. अहिल्यानगर)

उत्तर : ताई, पिकअपचं नंतर बघू, आधी ब्रेक. हे उत्तर वाचाल त्या दिवसापासून ती गाडी माणसं भरून घाटात नेऊ नका, नळी तपासून होईपर्यंत तरी नाही.

लायनर झिजले की पेडल खोल जातं, घट्ट होत नाही. पेडल दगडासारखं लागतं म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाहीये, आणि मग सगळं वजन फक्त तुमच्या पायाच्या जोरावर थांबवावं लागतं. घरच्या घरी एक परीक्षा करा. गाडी बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे आत साठलेला व्हॅक्यूम संपेल, मग पाय पेडलवर दाबून ठेवून गाडी चालू करा. बूस्टर आणि व्हॅक्यूम नीट असेल तर चालू होताच पाय आपोआप थोडा खाली जातो. तुमचा जाणार नाही किंवा खूप वेळाने जाईल असं मला वाटतं.

तुमच्या गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो आणि तो बेल्टवर फिरतो. म्हणून पहिल्यांदा बेल्ट बघा, ढिला असेल तर चार्जिंगही कमी आणि व्हॅक्यूमही कमी. याच कारणाने बोलेरोचा बेल्ट तुटला तर नुसता बॅटरीचा दिवा लागला म्हणून पुढे दहा किलोमीटर ओढत नेणं धोक्याचं आहे, तेवढ्यात ब्रेकची मदतही संपलेली असते. मग पंपापासून बूस्टरपर्यंतची जाड नळी तपासा, विशेषतः क्लॅम्पखालचा भाग, आणि त्या नळीतला एकतर्फी व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. त्यावर बाण असतो, तो पंपाच्या दिशेने राहील असा बसवायचा. व्हॉल्व्ह काढल्यावर बूस्टरच्या बाजूला तेल दिसलं तर पंपाकडे लक्ष द्या, तेल बूस्टरमध्ये साठलं की आतला पडदा खराब होतो.

आणि ती जाड नळी बदलताना ब्रेक व्हॅक्यूमची म्हणून जी मिळते तीच घ्या. रेडिएटरची उरलेली किंवा डिझेलची साधी नळी तिथे लावलेली मी बघितलीय, ती उन्हाळ्यात आत बसते आणि नेमकी उतारावर. इथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : २०१० ची स्विफ्ट डिझेल, ७५ पीएस. गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलेल्या नळ्या माझ्या गाडीत दिसतच नाहीत! एन ७५ कुठे असतो? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नसतोच. तुमच्याकडे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट इंजिन आहे आणि ७५ पीएसच्या रूपात त्याचा टर्बो साधा आहे, पाती हलत नाहीत. तिथे अ‍ॅक्चुएटर व्हॅक्यूमवर नाही तर टर्बोच्याच दाबावर चालतो, बूस्ट वाढला की तो दाब एका आखूड नळीतून डबीत येतो आणि दांडी ढकलून जास्तीचा गॅस बाजूने सोडून देतो. त्यामुळे तुमच्याकडे उलटा खेळ आहे, ती आखूड नळी फाटली तर बूस्ट कमी होत नाही, जास्त होतो, आणि ते इंजिनाला जास्त वाईट. याच इंजिनाचं ९० पीएसचं रूप, जे लिनिया किंवा एसएक्स४ मध्ये आलं, त्यात मात्र हलती पाती आहेत. ब्रेकसाठी व्हॅक्यूम पंप दोन्हीकडे आहे त्यामुळे वर बोलेरोला सांगितलेली पेडलची परीक्षा तुम्हीही करून बघा.

प्रश्न : माझ्याकडे ऑक्टेव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, मनापासून सांभाळलीय. आयडलला आरपीएम वर-खाली होतो, चेक इंजिनचा दिवा आणि कोड पी ०१७१. पाय दाबला की शिट्टीसारखा आवाज येतो. यूट्यूबवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात ते घरी करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : इतकी वर्षं ती गाडी ठेवलीत याबद्दल आधी तुमचं कौतुक, १५० पीएसची ती गाडी आपल्या रस्त्यांवर फार थोड्या लोकांनी खऱ्या अर्थाने सांभाळली.

कार्ब क्लीनरचं करू नका. तत्त्व बरोबर आहे, गळतीच्या जागी फवारा मारला की इंजिन तो ओढून घेतं आणि आरपीएम बदलतो, पण तो फवारा पेट घेणारा आहे आणि तुमच्या बाजूला लाल होणारा टर्बो आहे. डिझेलवाल्यांनी तर हा प्रकार डोक्यातूनच काढा, तिथे व्हॅक्यूमची लाइन इंजिनाच्या हवेपासून वेगळी असते त्यामुळे गळती सापडणारही नाही आणि इनटेकमध्ये फवारा गेला तर इंजिन आपल्या हाताबाहेर पळायला लागेल. तुमच्या गाडीला स्मोक टेस्ट करा. इनटेक बंद करून आत धूर सोडतात आणि जिथून धागा निघतो तिथे गळती, इतकं सोपं आहे.

पेट्रोल टर्बोच्या नळीचं दुखणं डिझेलपेक्षा अवघड का ते सांगतो. तुमच्याकडे आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो आणि पाय दाबला की त्याच मॅनिफोल्डमध्ये दाब येतो. एकच नळी एका क्षणी आत ओढली जाते आणि दुसऱ्या क्षणी फुगते, दिवसातून हजार वेळा. त्यामुळे अशीही चीर असते की जी ओढताना मिटते आणि फुगताना उघडते, तुमची शिट्टी मला तशीच वाटते. याच कारणासाठी तुमच्या नळ्यांना क्लॅम्प पाहिजेत, डिझेलच्या बारीक नळीला नुसती घट्ट बसवली तरी चालते कारण व्हॅक्यूम तिला निपलवर ओढून धरतो, तुमच्याकडे बूस्ट तिला उडवून लावेल. स्प्रिंगचे क्लॅम्प घ्या, रबर बसलं तरी ते पकड सोडत नाहीत, झिप टायने भागवू नका.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा, आयडलला तो अधिक १० टक्के किंवा त्याच्या वर आणि आरपीएम अडीच हजारावर धरल्यावर शून्याकडे येत असेल तर व्हॅक्यूमची गळती जवळजवळ नक्की. कारण चीर तेवढीच असते, आयडलला इंजिन कमी हवा घेतं त्यात तिचा वाटा मोठा दिसतो, वर गेल्यावर तोच वाटा नगण्य होतो. ट्रिम सगळीकडेच जास्त असेल तर मात्र एअरफ्लो सेन्सर आणि पेट्रोलचा दाब बघायला घ्या.

कुठे बघायचं? इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तिथे क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागाचा) श्वास घेणाऱ्या नळ्या, एकतर्फी व्हॉल्व्ह आणि छोटासा वाय आकाराचा जेट पंप असा सगळा गुंता आहे, हात जेमतेम जातो त्यामुळे कुणी बघत नाही, आणि तेल आणि उष्णता दोन्ही लागून तिथलंच रबर सगळ्यात आधी जातं. जुनी नळी हातात चॉकलेटसारखी मोडते. त्या सगळ्या एकाच वेळी बदला आणि एकतर्फी व्हॉल्व्ह फुंकून तपासा, त्यातला ब्रेक बूस्टरचा व्हॉल्व्ह तर फार महत्त्वाचा, तो बूस्टचा दाब बूस्टरमध्ये जाऊ देत नाही. या जागेसाठी सिलिकॉन नको, तेल आहे. फ्यूएल रेलवर प्रेशर रेग्युलेटर असेल तर त्याची बारीक नळी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. आणि ती नळी अगदी नवीन टाका, कारण बूस्ट आल्यावर पेट्रोलचा दाब तीच वाढवते, ती चिरलेली असेल तर ऐन जोराच्या वेळी इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टनवर येतं. हे काम होईपर्यंत गाडी जोरात पळवू नका.

प्रश्न : गाडी पावसाळ्यात दोन महिने अंगणात उभी होती, उंदराने दोन बारीक नळ्या कुरतडल्या. भावाने इन्सुलेशन टेप गुंडाळून दिली, चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : घरापासून गॅरेजपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. टेपचा डिंक उष्णतेने वितळतो आणि व्हॅक्यूम तो आत ओढून घेतो, मग तो चिकटा व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला की नळीबरोबर व्हॉल्व्हही बदलावा लागतो. अगदी अडलंच तर कुरतडलेला तुकडा दोन्हीकडून सरळ कापून मध्ये पितळेचा बारीक जॉइंटर घाला, तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण तोही तात्पुरता. नवीन नळ्या टाकताना आजूबाजूच्या वायरिंगवरून बोट फिरवून बघा, उंदीर नळी चावून थांबत नाही, आणि एअर फिल्टरची पेटी उघडून आत घरटं नाही ना ते बघा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा बोनेट उघडा, इंजिन तापेपर्यंत चालू ठेवा आणि रात्री बोनेट उघडंच राहू द्या, अंधार आणि ऊब मिळाली नाही की तो दुसरीकडे जागा शोधतो.